शेळी विकून जगवलेलं कुत्रं

आई, त्या कुत्र्याबद्दल मला तुला लिहायचं आहे. तू जाऊन तीसहून जास्त वर्षं झाली. कुत्रं तुझ्याआधीच गेलं, आणि ज्या ओसरीवर ते पडून असायचं ती ओसरीही आता दुसऱ्यांची आहे. तरी गेले काही दिवस सकाळी चहा टाकला की तेच आठवत राहतं. रडू वगैरे येत नाही. ते मला दादा गेले तेव्हाही आलं नव्हतं.

दादा माघात गेले, तुझं कुंकू गेलं, आणि तू बोलणं सोडलंस. भाकऱ्या थापायचीस, शेळीला पाणी दाखवायचीस, मी शाळेतून आले की ताट वाढायचीस, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. मी शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच कायम झाले होते. दुष्काळाचं वर्ष, निम्मी मुलं आईबापांबरोबर खडी फोडायला गेलेली. उरलेल्यांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीतून बाहेर बघत बसायची. घरी दोघीच, दोघीही मुक्या. मला ते बरंच वाटत होतं, हेही लिहून टाकते.

चैत्रातल्या एका दुपारी तू विहिरीवरून आलीस ती कळशीशिवाय. पदरात कुत्रं होतं, वर्ष-दीड वर्षाचं, तांबूस, बरगड्या मोजाव्यात असं. विहिरीच्या पाण्यावर कुणाचा तरी थोडासा ऊस तगून होता, त्यात रानडुकरांसाठी कणकेच्या गोळ्यात बंदुकीची दारू भरून ठेवलेली. भुकेल्या कुत्र्यानं तो गोळा चावला आणि तो तोंडातच फुटला होता. खालचा जबडा मोडून लोंबत होता, जिभेची एक कड गेली होती. ते भुंकत नव्हतं, केकाटत नव्हतं. घशातून एक बारीक आवाज सारखा काढत होतं, दम लागला की थांबायचं, पुन्हा सुरू. तू त्याला पोत्यावर ठेवलंस आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोललीस. "कापूस आन," म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण त्याला राहुरीला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर दुष्काळातल्या गुरांच्या छावणीवर निघाले होते, जनावरं रोज मरत होती. त्यांनी उभ्या उभ्याच बघितलं. "हाड तारेनं बांधावं लागेल, इथं ती सोय नाही. भिंगारला लष्करातून निवृत्त झालेले एक डॉक्टर आहेत, घोड्यांचे. ते करतील, पण खर्च येईल. नाहीतर मी इंजेक्शन देतो, सुटेल बिचारं." मी लगेच म्हणाले, "द्या." तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. कुत्रं उचललंस आणि चालू लागलीस.

घरी आल्यावर तू शेळीचं दावं सोडलंस. शेजारचे लोक आपले बैल विकायला घोडेगावच्या बाजाराला निघाले होते, त्यांच्याकडे तू शेळी दिलीस. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "अगं, दुधाची शेळी इकून कुत्रं जगवती व्हय? डोकं ठिकाणावर हाय का?" तू कापूस घेऊन कुत्र्याजवळ बसलीस. मग मी बोलले. असं मी तुला आधी कधी बोलले नव्हते. "दादांना पुण्याला न्यायला पैसे नव्हते. ह्याला आहेत?"

तू कापसाचा बोळा दुधात बुडवून त्याच्या गालात पिळत होतीस. वर न बघता म्हणालीस, "त्यांनी सांगितलंच न्हाई गं, दुखतंय म्हून. कळलं तवा लई उशीर झाल्ता. ह्यो सांगतोय."

मी कुत्र्याचे मागचे पाय धरले होते. ते तसेच धरून राहिले. आई, दादांनी सांगितलं होतं. मला सांगितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन पाटावर गेले होते. पाटकऱ्याची नोकरी, पण पाटाला पाणीच नव्हतं, ते नुसते कडेनं चालत होते. मध्येच बसले. म्हणाले, "पोटात लई दुखतंय गं. तुज्या आईला नको सांगू, ती डोरलं मोडून मला पुण्याला न्हील. उन्हाळ्यात बघू." मी "बरं" म्हणाले. डबा उघडून दिला. माझ्या डोक्यात नोकरी कायम होण्याचं चाललं होतं.

एसटीच्या कंडक्टरनं कुत्रं चढवू दिलं नाही. छावणीचा कडबा आणायला रिकामा निघालेला एक ट्रक नगरकडे चालला होता, त्यात मागं बसून आपण भिंगारला गेलो. त्या डॉक्टरांनी पडवीतल्या टेबलावर त्याला भूल दिली आणि तार घातली. तू डोकं धरलंस, मी भिंतीकडे बघत उभी. हात धुताना ते म्हणाले, "बाई, दोन महिने हातानं भरवावं लागेल. पातळच. जमेल?" तू म्हणालीस, "मालकांला भरवलंय. जमंल." शेळीचे दुष्काळात कितीसे येणार! उरलेले मी पगारातून दिले. मनापासून दिले नाहीत.

ते दोन महिने तू त्याच्याशी बोलत होतीस. "आता थोडी कळ काढ." "आज सूज उतरलीया बघ." "गिळ, गिळ, न्हाई दुखायचं." मी वह्या तपासत ऐकायची. हळूहळू त्यातलं काही बोलणं माझ्याकडे वळलं. मीठ कमी झालंय का, शाळेत किती पोरं आली. तार निघाली तेव्हा जबडा वाकडाच राहिला, जीभ एका बाजूनं बाहेर. कुस्करलेली भाकरी खाऊन ते आठ वर्षं जगलं. तू त्याचं नाव कधी ठेवलं नाहीस. "ए" म्हटलं की यायचं.

तुझ्या शेवटच्या आजारात तू काही लपवलं नाहीस. आज इथं दुखतंय, काल तिथं दुखत होतं, सगळं सांगायचीस. मी नगरला नेलं, पुण्याला नेलं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं सगळं आणलं. एका दुपारी मी तुझे पाय चेपत होते. तू डोळे मिटून होतीस. म्हणालीस, "त्यांनी तुला बी कवा सांगितलं नव्हतं ना गं?"

मी म्हणाले, "न्हाई."

"माणूसच तसं," म्हणालीस, आणि कुशीवर वळलीस. मी पाय चेपत राहिले.

मरत्या माणसाला त्रास नको म्हणून मी खोटं बोलले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. आज लिहायला बसल्यावर कळतंय, ते तसं नव्हतं. मला तुझी भीती वाटली.