गेटापुरता पहिला

आबा, तुमचा हरण्या मला कधीच आवडला नाही. पहिला हरण्या म्हणजे बैल, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही; ते गरीब जनावर होतं, मागून कुणी गेलं तरी लाथ मारत नव्हतं. मी म्हणतोय तो दुसरा, दोन चाकांचा, कंपनीचा पिवळा बनियन घालून सायकलच्या शर्यतीला जायचा तो. तुमच्या तोंडावर हे बोलायची माझी छाती नव्हती. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मीच तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा म्हातारा झालो, तेव्हा म्हटलं, आता बोलायला कुणाची भीती.

निमित्त नातवाचं. इथं संत तुकाराम नगरातल्या घरात आज सकाळी तो मोबाइलवर कुठल्याशा परदेशातली सायकल शर्यत बघत बसला होता. मी विचारलं, "तू कुणाच्या बाजूचा?" म्हणाला, "हिरव्यांच्या." "का रे?" "शर्ट भारी आहे त्यांचा, आजोबा." "आणि तो निळा? तो तर पुढं दिसतोय." "तो नको. तो सारखाच जिंकतो." घ्या! मला हसू आलं आणि रागही आला. एवढा काळ गेला, नदीवर पुलाला पूल झाले, पण माणसाची अक्कल आपली खुंट्याला बांधल्यासारखी जिथल्या तिथं रवंथ करतीय.

आपल्या वेळी तरी काय निराळं होतं? मुंबईहून पुण्याला सायकलवाले यायचे तेव्हा सबंध रस्ता दुतर्फा भरायचा आणि प्रत्येकाचा एकेक देव ठरलेला. देहूरोडकडचे लोक फौजेच्या गड्याला ओरडायचे. दापोडीचे रेल्वेवाले रेल्वेच्या गड्याला, कारण पगार रेल्वेचा. त्या गड्याला चढावर दम लागतो की उतारावर भीती वाटते, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाला ते जाणून घ्यायचंही नव्हतं. कंपनीत आपल्या सेक्शनमधला, लेथवरचा तो मिशीवाला टर्नर आठवतो? तो फौजेच्या एका पोराचा उभा दावा धरून होता. का, तर त्या पोरानं म्हणे घाट चढून आल्यावर खिशातून कंगवा काढून भांग पाडला. "शर्यत हाय का लगीन हाय?" म्हणायचा. तो फौजी पुढं आला की याचं तोंड कडू. आणि पेंट शॉपमधले झाडून सगळे आपल्या कंपनीच्या बाजूचे, कारण शर्यतीच्या आदल्या दिवशी कँटीनला बुंदीचा लाडू मिळायचा. एका लाडवावर माणूस कंपनीचा होतो, आबा. बैलालासुद्धा पेंड जास्त लागते.

तुमचं कारण मात्र मला लाडवापेक्षाही हलकं वाटायचं. तो कंपनीत नवा आला, तेव्हा तुम्ही त्याच्या पोटऱ्यांवर थाप मारून बघितलीत. सगळ्यांदेखत! चाकणच्या बैलबाजारात उभे असल्यासारखे. आणि घरी येऊन आईला म्हणालात, "आपला हरण्याच हाय गं. त्येच खांदं, त्योच रंग." नोकरीसाठी गाव सोडताना तुम्ही शर्यतीचा बैलगाडा मोडलात, हरण्या विकलात, आणि शर्यतीची खाज तेवढी बरोबर घेऊन आलात. तिला इथं दुसरं जनावर मिळालं.

मग आपल्या घरची अंडी त्याच्या डब्यात जायला लागली. चाळीतली ती खोली मला अजून दिसते. चुलीजवळ आई, पाटावर तो, समोर तुम्ही. आई भाकरी थापता थापता बोलते आहे, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं: "सायकल त्यो मारनार आन् तूप माझ्या घरचं जळनार, व्हय?"

"अगं, पळनाऱ्याला खुराक लागतो."

"माझी पोरं बी शाळंला पळतच जात्यात. त्यास्नी कुनी तूप घातल्यालं मी बघितलं न्हाई."

तो मान खाली घालून जेवतो आहे. ताटात काय पडलं आहे याकडेही त्याचं लक्ष नाही. आईला कधी "वहिनी, कालवण झकास झालंय" म्हणाला असता तर त्याची जीभ झडली असती का? हात धुऊन "येतो, मिस्त्री" म्हणायचा आणि चालू पडायचा. इतकी वर्षं आपल्या घरी जेवला, पण माझं नाव त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

आणि कंपनीत तर तुम्ही कहरच केलात. त्याला ड्रिल मशीनवर घेतलं होतं, पण सरावासाठी दुपारीच सोडायचे. त्याचं काम कुणी करायचं? सेक्शनचा रिवाजच पडला: जाता-येता ज्यानं त्यानं आपले एक-दोन तयार जॉब, म्हणजे भोकं पाडून झालेले सुटे भाग, त्याच्या ट्रेमध्ये टाकायचे. तोपर्यंत ठीक होतं. पण बाकीचे टाकायचे चिमूटभर आणि तुम्ही टाकायचे पसाभर. मी अप्रेंटिस होऊन त्याच सेक्शनला लागलो तेव्हा डोळ्यांनी बघितलं. डबा खायच्या सुट्टीतसुद्धा तुमचं मशीन चालू. दुसऱ्या दिवशी तो यायचा, ट्रेकडे बघायचा, विचारायचा, "मिस्त्री, माझे झाले का?" आणि तुम्ही हसून म्हणायचे, "तुजे कवाच झाले. माजेच र्‍हायलेत." लोक याला मोठं मन म्हणायचे. मी याला चक्क खुळेपणा म्हणत होतो. अजून म्हणतो.

एवढं करून तो जिंकायचा का? कधीच नाही. तो हुशार होता, हे मात्र मान्य करतो. त्याला कळलं होतं की आपल्या लोकांना शर्यत दिसते ती कंपनीच्या गेटासमोर, डोळ्याची पापणी लवेपर्यंत. बाकी सगळी शर्यत त्यांच्या दृष्टीनं झालीच नाही. म्हणून गडी चिंचवड ओलांडलं की सगळा दम एकवटायचा आणि गेटासमोर सगळ्यांच्या पुढं! पिवळे झेंडे हलतायत, वेल्फेअर ऑफिसर टाळ्या पिटतोय, आणि तुम्ही टोपी उडवून जत्रेतल्या बैलगाड्यांच्या शर्यतीसारखं "भिर्रर्र!" करून ओरडताय. गेट मागं पडलं की हा फुगा फुटला. दापोडीच्या पुलापर्यंत मागचे एकेक करून याला टाकून पुढं जायचे. संध्याकाळी कळायचं की पुण्यात याचा नंबर कुठंच नाही. मग तुमची कारणं तयारच: वारं आडवं होतं, ट्यूब बसली, रेल्वेवाल्यानं कोपर मारलं. एकदासुद्धा तुमच्या तोंडातून निघालं नाही की गडी गेटापुरता पहिला आहे.

आणि मग तो गेला. दुसऱ्या कंपनीनं त्याला कायम करून घेतलं, वर राहायला खोली दिली, आणि हा लाल बनियन चढवून मोकळा. तुम्हाला सांगायलाही आला नाही. आपल्याला कळलं ते कँटीनमध्ये, चहा पिताना. सेक्शन असा पेटला, जणू कुणाची सोयरीक मोडली. मिशीवाल्या टर्नरनं ठराव मांडला: "शिवी द्यायची न्हाई, दगूड मारायचा न्हाई. पाठ दावायची. आपल्या गेटावरनं जाताना त्याला नुसत्या पाठी दिसल्या पायजेत." सगळे हो म्हणाले. मग तो तुमच्याकडे वळला. "आबा, तुमी तर त्याच्यापायी ड्रिलवर हाडं झिजवली. पयली पाठ तुमची फिरली पायजे."

तुम्ही चहा संपवलात, कप उपडा ठेवलात आणि म्हणालात, "बैल इकला गेला तर बैलावर रुसत्यात का रं कुनी?"

"आबा, बैल सोताच्या पायानं बाजारात जात न्हाई!"

काय हशा पिकला! मीही हसलो. बिनतोड बोलला होता टर्नर. तुम्ही हशा ओसरू दिलात आणि हळूच म्हणालात, "दावनीला चारा नसंल तर जातो. दावं तोडून जातो." खरं तर आपल्या कंपनीनं त्याला वर्षानुवर्षं टेंपररी ठेवलं होतं, काही महिन्यांनी कामावरून ब्रेक द्यायचा आणि परत घ्यायचा. झेंडे त्याचे, टाळ्या त्याच्या, पण कायमची ऑर्डर नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि टर्नरनं हशा मिळवलेला असताना ते बोलून दाखवणं वेगळं. टर्नर एवढंच म्हणाला, "ते आमाला सांगू नका. त्या दिवशी कुनाची पाठ फिरली न्हाई ते आमी बघू."

शर्यतीचा दिवस उजाडला. ऊन चढलं आहे. गेटाबाहेर आमची रांग, मी वॉचमनच्या केबिनसमोर. पोलिसांची जीप गेली, शिट्ट्या वाजल्या, टर्नर ओरडला, "फिरा!" आणि सगळा सेक्शन रस्त्याकडे पाठ करून कंपनीच्या भिंतीकडे बघत उभा. बिचाऱ्या वेल्फेअर ऑफिसरला काही माहीत नाही. तो झेंड्यांचा गठ्ठा घेऊन नाचतोय: "अरे, तिकडं काय बघताय? रस्ता इकडं आहे! लाडू फुकट खाल्ले का?" एरवी हसून मेलो असतो. पण माझं सगळं लक्ष तुमच्याकडे. सगळ्या रांगेत एकच तोंड रस्त्याकडे आहे. धुतलेला पायजमा, डोक्यावर टोपी, हात मागं बांधलेले. टर्नर दातओठ खात म्हणतोय, "आबा, फिरा. शेवटचं सांगतो." तुम्ही ऐकलं नसल्यासारखं करताय. मला तुमची इतकी लाज वाटली होती आबा, की जमीन दुभंगली असती तर मी तुम्हाला न सांगता आत उतरलो असतो.

मोहोळ उठावं तसा आवाज आला, पाठीला वारा लागला आणि गेला. त्या आवाजात तुमची आरोळी, "भिर्रर्र! हरण्याऽऽ!" बस. झालं.

आता गंमत बघा. पाठ दाखवणारे वळले आणि पहिला प्रश्न काय, तर "कितवा होता रं?" ज्याचं तोंड बघायचं नाही, त्याचा नंबर पाहिजे! कुणी पाहिलंच नव्हतं. मग आपापसातच ठरवून टाकलं, शेवटचा असणार. लाल बनियनात दम कुठला. तुम्ही टोपी झटकत म्हणालात, "पयला होता. आपल्या गेटाला पयलाच."

"आबा, तुमाला तो सपनात बी पयलाच दिसतो!"

"डोळ्यात मोती पडलाय म्हातारीच्या शेरडावानी."

तिथून पुढं "आबांचा पयला" ही सेक्शनची म्हणच झाली. कुणाचा जॉब बाद झाला, कुणाचा पोरगा नापास झाला, की "आबांचा पयला आला!" तुम्ही चहाला त्यांच्यात बसायचं सोडलंत. डबा मशीनजवळच उघडायचे. रिटायर होईपर्यंत. त्या भडभुंज्यांची मला आजही कीव येत नाही. लाडवाला इमानी आणि माणसाला बेइमान अशी ती जात. पण माझा जास्त राग तुमच्यावर. ज्यानं तुमचं तूप खाल्लं, घाम खाल्ला, साधं "जातो" म्हटलं नाही, त्याच्यापायी तुम्ही आपल्या माणसांतलं बसणं-उठणं घालवलंत.

त्या दिवशी घरी येताना रेल्वे फाटकाशी गाडी जायची वाट बघत आपण थांबलो होतो. तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "तू बघितलंस का रं त्याला?" मी म्हणालो, "माझी पाठ होती, आबा." फाटक उघडलं आणि तुम्ही चालू लागलात. पुन्हा तो विषय तुम्ही काढला नाही, मीही नाही.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. तुमची सूनबाई पापडाला कागद शोधतीय, तिच्या हाती लागायच्या आत एवढं लिहून टाकतो. माझी पाठ होती, ते खरंच. पण वॉचमनच्या केबिनला काच होती आणि मी बरोबर तिच्यासमोर उभा होतो. तिच्यात सगळा रस्ता दिसत होता. लाल बनियन, खांद्यावर आठाच्या आकड्यासारखी अडकवलेली जादा ट्यूब, सगळ्यांच्या पुढं एक गाडीभर अंतर, आणि मान वळवून आमच्या पाठींच्या रांगेत कुणाला तरी शोधत होता. त्याच्या नव्या कंपनीचं गेट त्या रस्त्यावर नव्हतंच. त्याला टाळ्या वाजवणारा साहेब तिथं नव्हता. तरी त्या मूर्खानं सगळा दम तिथंच जाळला. पुढं दापोडीला गळपटला असणार, त्यात शंका नाही. त्याच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

पण आपल्या गेटाला तो पहिला होता, आबा.