गोजाबाईचे नाव पुस्तकात नव्हते

मी, ज्योतीराम दत्तोबा तरस, वय ६१, निवृत्त हवालदार, राहणार किवळे, तालुका हवेली, कोणाचेही दडपण नसताना, डोके ठिकाणावर ठेवून ही माझी शेवटची इच्छा लिहीत आहे. हवे होते तेव्हा हेच डोके ठिकाणावर नव्हते.

१. राहते घर व विहिरीतला माझा हिस्सा मुलगा किसन, सध्या फौजेत, याला मिळावा. पण अट आहे. ती का, ते आधी सांगतो.

१९६७ साली पेन्शनीवर निघताना कारकून माझ्या पुस्तकात कुटुंबाची नावे भरत होता. त्यात ज्याचे नाव, त्यालाच लष्करी दवाखान्यात फुकट औषधपाणी. मला न्यायला आलेले वडील शेजारीच बसले होते. कारकुनाने विचारले, "बायकोचं नाव?" वडिलांदेखत बायकोचे नाव घ्यायचे? आमच्यात कोणी घेत नसे. पासष्टच्या लढाईत तोफेजवळून हललो नव्हतो, पण इथे जीभ उचलेना. म्हणालो, "आईचं लिवा. बाकीचं मागनं सांगतो." ते सांगायचे सात वर्षे राहिले.

१९७४ साली कुटुंबाच्या पोटात गाठ झाली. भोसरीत गाड्या दुरुस्त करणारे माझे मित्र इकबालभाई यांनी टेम्पोतून दवाखान्यात नेले. पुस्तकात नाव आईचे, आणि आई तर मधल्या वर्षांत वारलेली. डॉक्टरांनी त्या दिवसापुरते औषध दिले, नाव चढवून आणा म्हणाले. त्यांची काही चूक नाही. इकबालभाई म्हणाले, "हवालदारसाहेब, पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेऊ." मी म्हणालो, "हक्काचं सोडून कशाला?" केवढी माझी मिजास! अर्ज केला. नाव चढल्याचा कागद विसाव्या दिवशी आला. ती अठराव्या दिवशी गेली.

२. आता अट. किसन्या, लग्नाला दोन वर्षे झाली तरी पलटणीत बायकोचे नाव दिले नाहीस. साहेबांपुढे लाज वाटते म्हणे! गाढवा, बापावर गेलास. सूनबाई कौशल्या हिचे नाव चढल्याचा कागद साक्षीदारांना दाखव आणि चारचौघांत तिचे नाव मोठ्याने घे, मगच किल्ली मिळेल. तोवर किल्ली इकबालभाईंकडे राहील. गाव हसेल. हसू दे.

३. चुलतभाऊ लक्ष्मणराव यांनी माझी शिडी नेली ती नऊ वर्षांत आणून दिली नाही. मागू नये. कुटुंबाच्या तिरडीचे बांबू त्यांनीच आणले होते.

४. विसाव्या दिवशी आलेला कागद ट्रंकेत आहे. तो माझ्या छातीवर ठेवून माझ्याबरोबर जाळावा.

५. द्यायला आणखी काही नाही, सांगायचे आहे. टेम्पोतून नेले त्या दिवशी दवाखान्याच्या फाटकावर शिपायाने विचारले, "या कोण?" मी जन्मात पहिल्यांदा बोललो, "गोजाबाई. माझी बायको." ती टेम्पोत कळांनी पिळवटत होती. तशातही तिने पदर डोक्यावर ओढला, हसली आणि म्हणाली, "अवं, हळू. लोकं ऐकत्यात."

साक्षीदार: इकबाल बरकत शेख, भोसरी
साक्षीदार: लक्ष्मणराव तरस, किवळे (शिडी आजच आणून दिली)

किवळे, दिनांक ११ नोव्हेंबर १९७९

सही: ज्योतीराम दत्तोबा तरस, गोजाबाईचा नवरा