गिरणीच्या अंगणातली आइस हॉकी

१४ नोव्हें., मूल (जि. चंद्रपूर)
आज अकरा मुली. काल नऊ होत्या. बरोबर सहाला गिरणीच्या अंगणात. त्याआधी बोलवायचं नाही असं ठरलंय. परवा नहराच्या काठाने वाघ गेला, उजाडल्याशिवाय एकटीदुकटीने निघायचं नाही.

आधी झाडायचं. गिरणी उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची. वाफवलेलं धान या सिमेंटवर वाळत घालतात. बुटाच्या चाकाखाली एक दाणा आला की मुलगी आडवी. झाडून निघालेलं धान टोपलीत भरून बायकांच्या हवाली करायचं. हा नियम गिरणीच्या शेठचा नाही, धान वाळवणाऱ्या बायकांचा. साडेसातला त्या पसरायला येतात. तोवर अंगण आमचं.

अतुल शिकवतो. मी शिकवते त्याच शाळेत खेळाचा शिक्षक, नागपुरात असताना चाकांवर खेळलेला. जानेवारीत हिमाचलात मुलींची ज्युनिअर आइस हॉकी स्पर्धा आहे, आम्ही नाव दिलंय. खराखुरा बर्फ त्याने एकदा मॉलमध्ये पाहिलाय. बाकी कोणीच नाही.

धाकट्या एकीने विचारलं, "मॅडम, बर्फावर पाय नाई का ठणकत?"
म्हटलं, ठणकतील. खेळायचं तरीही.

१९ नोव्हें.
बाजारात माजी सरपंच भेटले. चार लोकांत मोठ्याने, "बाई, आइस हॉकी म्हंता! इथी मे महिन्यात फ्रीजात बर्फ जमत नाई." सगळे हसले. मीही हसले. विनोद बरा होता. पण पुढे म्हणाले, "पोरीईले कबड्डी शिकवा, खो-खो शिकवा. आपल्याले झेपते थे."

आपल्याला झेपतं ते. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं. माझ्या आईला चौथीनंतर हेच सांगितलं. मला बी.ए.नंतर सांगितलं. आयुष्यभर पुस्तकं वाचली, त्यांत माणसांना बांधून ठेवणारे साखळदंड पुष्कळ सापडले. या तीन शब्दांइतका स्वस्त आणि मजबूत एकही नाही. कोणाला काय झेपतं हे बाजारात उभं राहून ठरवणारे हे कोण?

जायचंच. हरायला का होईना, जायचं.

३ डिसें.
मुली आता वाऱ्यासारख्या. प्रणाली सगळ्यांत पुढे. नववीतली, रेखाबाईंची मुलगी. रेखाबाई याच अंगणात धान फिरवतात. पायाने ओळी पाडत, पाऊल न उचलता. प्रणालीची चाल तशीच. अतुल म्हणतो, हिला पायाने रेटायची ढकल शिकवावीच लागली नाही.

अंगणाच्या टोकाला कोंड्याची पोती रचलेली. मुली भरवेगात येतात, दोन्ही हात सरळ पुढे करतात आणि पोत्यांत शिरतात. धप्प. कोंडा उडतो, हसतात, परत फिरतात. दिवसभर बघावं असं दृश्य.

अतुलला पसंत नाही. "मॅडम, थांबणं शिकवाले पंधरा दिवस द्या. गुडघे वाकवून, टाच वळवून. पोत्यांची सवय लागली त बर्फावर काय करतीन?"
म्हटलं, पंधरा दिवस कुठून आणू? झाडणं धरून रोजचा दीड तास. आधी वेग येऊ दे. थांबणं तिथे गेल्यावर शिकतील.
मी बोलायला लागले की तो गप्प होतो. बहुतेक जण होतात.

२० डिसें.
संमतीपत्रावर आई-बापाची सही हवी. दहाजणींची झाली. राहिली प्रणाली. बाप तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, फोनवर म्हणाला, तिच्या आईला विचारा. साडेसातला अंगणातच रेखाबाईंना गाठलं.

"बर्फ म्हंजे दगडावानी रायते म्हंते, बाई. पोरगी पडली त?"

मग मी बोलले. पाव तास बोलले असेन. बाकीच्या बायका धानात पाय रोवून ऐकत उभ्या राहिल्या. एकीने डोळे पुसले. रेखाबाई म्हणाल्या, "तुमी बोलता तवा समदं खरं वाट्टे. घरी गेली का मंग भेव वाट्टे."

म्हटलं, "पडू देणार नाही. तिची जबाबदारी माझी."

सही केली. चार अक्षरं, प्रत्येकाला वेळ घेत.

२२ जाने., गाडीत
बल्लारशाहून निघालो. सामान, अकरा मुली, अतुल, मी. मुलींनी वऱ्हाडासारखा डबा भरून टाकलाय. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं कुठली टीम. प्रणालीने "मूल" सांगितलं. त्यांना कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने.

२५ जाने.
पोचलो. डोंगराच्या कुशीत गोठवलेलं मैदान, भोवती लाकडी फळ्यांचं कुंपण. मुली काठावर उभ्या. कोणी बोलेना. मग धाकटीने हातमोजा काढून बोटाने टोचून पाहिलं आणि म्हणाली, "हे त खरंच बर्फ व्हय ना!"

पात्यांचे बूट आयोजकांनी दिले. पहिला तास सगळ्या पडत होत्या. दुपारपर्यंत पळायला लागल्या. थांबता एकीलाही येईना. फळी धरून, जाळीला लटकून, एकमेकींना मिठी मारून थांबतात. बघणारे हसत होते, प्रेमाने. अतुल घसा बसेपर्यंत ओरडत होता, "टाच वळव, टाच!" एका दिवसात काय होणार.

२६ जाने.
पहिला सामना. ०–९. मुली रडल्या नाहीत. स्थानिक मुलींनी येऊन गळाभेट घेतली, गरम चहा पाजला. सहा वर्षांच्या असल्यापासून खेळतात त्या.

२७ जाने.
दुसरा सामना. ०–४ असताना प्रणालीला मधोमध चेंडू (चकतीला आमच्या मुली चेंडूच म्हणतात) मिळाला. एकटी सुटली. मागे दोघी होत्या, गाठू शकल्या नाहीत. गोल. आमचा पहिला गोल.

ती थांबली नाही. जाळीच्या बाजूने तशीच पुढे गेली. दोन्ही हात सरळ समोर. पोत्यांत शिरताना करायची तसेच.

फळ्यांचा आवाज इथपर्यंत आला. आणि मी टाळ्या वाजवत होते. आवाज आल्यावरसुद्धा दोनतीन टाळ्या. हात आपोआप

डावा कोपर मोडला. दवाखाना चाळीस किलोमीटर. वाटेत ती एवढंच विचारत होती, "मॅडम, गोल धरला ना त्याईनं?" धरला, म्हटलं.

२८ जाने.
काल फोन लागला नाही. आज लागला. रेखाबाईंनी ऐकून घेतलं.
"जिती हाये ना?"
"हो."
"मंग तिले दूध पाजा." फोन ठेवला.

हाड जोडायला आत स्टीलची पट्टी बसवली. अतुल दिवसभर तिच्या खाटेशी. माझ्याकडे पाहत नाही. तो एक वाक्य म्हणू शकला असता. म्हणाला नाही. म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं.

५ फेब्रु., मूल
रेखाबाईंच्या घरी गेले. वाटेत काय बोलायचं ते मनाशी जुळवत होते. तीस वर्षांची सवय.

प्रणाली भिंतीला टेकून गोल कसा केला ते शेजारणीला सांगत होती. रेखाबाई तिच्या तोंडात घास घालत होत्या. मला पाट दिला. मग, अगदी साध्या आवाजात,
"बाई, तुमाले म्हाईत होतं का, तिले थांबता येत नाई?"

जुळवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "हो. अतुलने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"म्हाईत होतं," त्या म्हणाल्या. मला नाही, स्वतःलाच. चहा दिला. मी प्यायले.

१९ मार्च
चंद्रपूरला डॉक्टरांकडे तिघी. कोपर पूर्ण सरळ होत नाही. थोडासा अडतो. "व्यायाम करा, बघू." बघू म्हणजे काय ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. बसमध्ये रेखाबाईंनी तिचा हात मांडीवर घेतला आणि मूल येईपर्यंत बोटं चोळत बसल्या.

१४ एप्रिल
जयंतीची सभा. दरवर्षी शेवटचं भाषण माझं. संयोजकांचा आग्रह, गोलाबद्दल बोला. गावात त्या गोलाची आता गोष्ट झालीय. खुद्द माजी सरपंच म्हणाले, "आपल्या पोरीनं बर्फावर गोल मारला, सांगा बाई लोकाईले!" प्रणाली पहिल्या रांगेत, नवा ड्रेस, हात ओढणीखाली लपवून.

गोल सांगितला. टाळ्या पडल्या. मग पुढचंही सांगितलं. पोती, पंधरा दिवस, माझं उत्तर. खाली उतरल्यावर एक वडीलधारे म्हणाले, "आजच्या दिवशी थे कायले सांगतलं? लोकं जोश घ्याले येतात."

कधी सांगायचं मग? आमच्या लोकांना खरं ऐकवत नाही असं मी मानत नाही. मानलं तर तीस वर्षं कोणाशी बोलत आले? पण घरी येऊन न केलेलं भाषण मनात म्हणून पाहिलं. ते जोशवालं भाषण मला तोंडपाठ होतं. चांगलं होतं.

११ ऑगस्ट
अंगणावर शेवाळ. गिरणी बंद. अतुल शाळेच्या व्हरांड्यात पाचजणींना घेतो. फक्त थांबणं. तीन पावलं, थांब. तीन पावलं, थांब. मी पायरीवर बसते. सांगायला काही नसतं. प्रणाली येत नाही. रेखाबाई भाताच्या रोवणीला जातात, ती घर सांभाळते.

९ नोव्हें.
दुसरं वर्ष. धान आलं, अंगण सुरू. अतुलने पोती ओढून पलीकडच्या शेडमध्ये टाकली. महिनाभर शर्यत नाही. मुली कंटाळल्या. "मॅडम, तुमी सांगा ना सरले!" तोंड उघडलंच होतं. मिटलं.

त्याऐवजी एकीची चाकं मागून घेतली आणि चढवली. बावन्नाव्या वर्षी. तीन पावलं गेले. थांबले नाही. सिमेंटवर सपशेल. बायका धानाची पाटी घेऊन येतच होत्या. काय हसल्या! रेखाबाई म्हणाल्या, "बाई, ढुंगन सांभाळा, त्याले पट्टी नाई बसत!"

जानेवारीनंतर त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. कंबर दुखतेय. गुडघे वाकवणं म्हणजे काय ते आता कळलं. गेल्या वर्षी मी हे एका वाक्यात उडवलं होतं.

२४ नोव्हें.
आज सहाला प्रणाली फाटकाशी, हातात खराटा. कोणाला काही न विचारता सगळं अंगण झाडलं, धान टोपलीत भरलं, गेली.

२७ नोव्हें.
तिने चाकं चढवली. अतुलने वेगळं काढून एकटीला तास दिला. पाच वेळा थांबायला लावलं, तीनदा थांबली. डावा हात अंगाशी. रेखाबाई आल्या, पाहिलं, धान पसरायला लागल्या.

निघताना प्रणाली जवळ आली. "मॅडम, यंदाच्या स्पर्धेचं आईले तुमीच सांगा. तुमचं ऐकते थे."
"नाही सांगणार."
"काऊन?"
"तू सांग. किंवा अतुल सर सांगतील, हाताचं काय ते."
"मंग मांगच्या वर्षी काऊन सांगतलं?"

डोळे भरलेले, पण रागाने. बरोबर आहे तिचा राग. आधी बोलून तिला तिथे नेलं, आता गप्प राहून इथे अडवते असं तिला वाटतं. कदाचित तसंच आहे. माझ्या शब्दांनी एक कोपर गेला. म्हणून माझं मौन शहाणं ठरतं, असं थोडंच आहे? दिवसभर वर्गात नीट शिकवता आलं नाही.

८ डिसें.
फॉर्म उद्या दुपारपर्यंत पाठवायचे. नऊ आले.

साडेसातला रेखाबाई सरळ माझ्याकडे आल्या. फॉर्म हातात, घडी पडलेला. कोरा. म्हणजे पोरीने घरी नेला होता.
"बाई, यंदा तुमी बोलून नाई राह्यल्या."
"नाही."
"पोरगी तीन दिवसांपासून जेवत नाई धड. तिचा बाप म्हंते, तू पाय. मी काय पाहू? मले सांगा, पोरगी गेली त पडन का?"

"पडेल."

"हात?"

"सांगता येत नाही. अतुल म्हणतो, आता थांबता येतं तिला, पाचातून चारदा. पाचव्यांदाचं कोणी सांगू शकत नाही."

त्या उभ्याच. माझ्याजवळ पुढचं सगळं होतं. वाक्यं रांगेत उभी होती, एकाहून एक. त्यातली बरीच खरीही होती. त्या वाट पाहत होत्या, हे दिसत होतं. मी बोलले नाही.

त्यांनी फॉर्म पुन्हा घडी करून कमरेला खोचला आणि धानात उतरल्या.

प्रणाली पायरीवर चाकं सोडत होती. "काय म्हनली आई?"
"तिलाच विचार."

अनवाणी गेली, ओळींच्या मधून, एकही दाणा न तुडवता. रेखाबाई थांबल्या नाहीत, धान फिरवत राहिल्या. ही त्यांच्या बाजूने, त्यांच्याच चालीने चालत राहिली. अंगणाच्या त्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. बोलत होत्या. मी होते तिथपर्यंत ऐकू आलं नाही. नऊचा वर्ग होता, निघाले.