जावयाचा कॉम्प्युटर आणि एक जादा स्क्रू

बोरगाव मेघे, वर्धा
दि. २ डिसेंबर १९८८

सन्माननीय व्याही पुंडलिकराव यांना महादेवरावाचा रामराम.

इकडे सगळे सुखरूप आहोत. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा करतो. विहीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं आमच्या लेकीनं, प्रमिलानं सांगितलं, जिवाला बरं वाटलं. नाचणगावात कपाशीचा दुसरा वेचा सुरू झाला असेल. (आमची शेती नाही, पण एकतीस वर्षं जिनिंगमध्ये फिटर होतो, त्यामुळे हे दिवस आले की हात स्वस्थ बसत नाहीत. पुढे जे लिहिलं आहे त्याचं मूळ कारण हेच.)

दिवाकररावांनी पक्की नोकरी सोडली तेव्हापासून तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही. चार महिने झाले. बापलेकाच्या भांडणात सासऱ्यानं पडू नये, हे मला समजतं. पण गेल्या रविवारी माझ्या घरी जे घडलं ते बाजारातून तुमच्या कानावर येण्याआधी मीच कळवलेलं बरं.

आमच्या ओळीत मोतीलालजी म्हणून बियाण्याचे व्यापारी आहेत. त्यांना दुकानात कॉम्प्युटर हवा होता. दिवाकरराव त्यांना म्हणाले, सुटे भाग आणून मी स्वतः जोडतो, आधी एक चालवून दाखवतो, पटला तर तुमच्यासाठी तसाच बनवतो. मग नागपूरहून एसटीनं तीन खोकी घेऊन ते प्रमिलासह आमच्याकडे उतरले. (आमच्या सौ. वच्छलानं खोकी पाहून टीव्ही आला असं समजून चार घरी सांगितलंसुद्धा. त्या चारही घरची माणसं पुढे मुहूर्ताला हजर होती.) पोरानं दोन दिवस मान वर न करता काम केलं. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. एंजिन असो की जिन, नुसत्या आवाजावरून मी दोष सांगत आलो. हे यंत्र मात्र आवाजच करत नव्हतं.

रविवारी सकाळी ते आंघोळीला गेले. झाकण उघडं होतं. आत हिरवी पाटी बसवलेली, आणि तिच्या एका कोपऱ्याजवळचं भोक रिकामं! पुंडलिकराव, रिकामं भोक मला बघवत नाही. कामगार विसरला की पट्टा निसटतो आणि माणसाचं बोट जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. माझ्या डब्यातून एक पितळी स्क्रू काढला, घट्ट पिळला आणि चहा प्यायला गेलो. मदत केली म्हणून सांगायचीसुद्धा गरज वाटली नाही.

दहा वाजता मोतीलालजी आले, नारळ फुटला, दिवाकररावांनी लाल बटण दाबलं. आतला पंखा अर्धा वळसा फिरला, खट् झालं, आणि सगळं थंड. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धा वळसा. "पंखा तर फिरला," मोतीलालजी म्हणाले, आणि खोबरं खाऊन घरी गेले. प्रमिला आत निघून गेली.

पुढचे तीन दिवस घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. दिवाकररावांनी आधी टेबललॅम्प लावून प्लग तपासला, मग शेजाऱ्याचा स्टॅबिलायझर आणला, मग एकेक भाग काढून दरवेळी बटण दाबलं. दरवेळी खट्. मी पंख्यात दोन थेंब तेल सोडू का, असं विचारलं. "नको मामाजी." दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तेलाची कुपी कुठं आहे म्हणून विचारलं, मला फार आनंद झाला. त्यांनी ती उचलून वरच्या फळीवर ठेवून दिली. पण एकदाही आवाज चढवला नाही. मी त्यांच्या वयाचा असतो तर पाना भिंतीवर फेकला असता.

बुधवारी मोतीलालजी पुन्हा आले होते. दिवाकररावांनी हिरवी पाटीच बाहेर काढायला घेतली आणि थांबले. माझा स्क्रू त्यांच्या चिमटीत होता. भोकात असताना त्याचं डोकं पाटीवरच्या तांब्याच्या रेघेला टेकायचं. वीज त्यातून पेटीच्या पत्र्यात उतरायची आणि यंत्र आपणहून बंद व्हायचं. ते भोक रिकामंच ठेवायचं होतं.

"हा कोनं लावला?" मोतीलालजींनी विचारलं.

दिवाकररावांनी माझ्याकडे पाहिलं. पितळी स्क्रू या घरात कोणाकडे असतात हे त्यांना ठाऊक होतं.

"माह्याच हातून लागला असन," ते म्हणाले आणि स्क्रू खिशात टाकला.

पाटी परत बसवली, बटण दाबलं. पंखा फिरतच राहिला, टुक् असा आवाज आला आणि काचेवर हिरवी अक्षरं उमटली. वच्छला ओरडली, "बोलला वो, बोलला!" पण मोतीलालजी उठता उठता म्हणाले, "सोताचा स्क्रू सोताले तीन दिवस सापडला नाई. पाहू मंग, पुढच्या साली." मी तिथंच बसलो होतो आणि माझं तोंड उघडलं नाही. एकतीस वर्षांत मी माझी चूक कधी दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिली नव्हती.

काल सकाळी त्यांच्या दुकानात गेलो. सहा गिऱ्हाइकं उभी होती. सगळ्यांसमोर सांगितलं, स्क्रू माझा.

"मंग जावई बोलला काऊन नाई?"

"तेच सांगाले आलो," मी म्हटलं.

मोतीलालजी बराच वेळ हसले. मग म्हणाले, असा माणूस असेल तर यंत्र त्याच्याच हातचं पाहिजे, आणि ऑर्डर दिली.

सर्वांना यथायोग्य नमस्कार. प्रकृतीस जपावे.

आपला,
महादेवराव

ता. क. ऑर्डर देताना मोतीलालजींनी एक अट घातली आहे: यंत्र जोडून होईपर्यंत मी घरात असता कामा नये. वच्छलानं ती तत्काळ मान्य केली. तेव्हा सोमवारच्या गाडीनं आठ दिवसांसाठी तुमच्याकडे येत आहे. गैरसोय होत असल्यास कळवू नये.

पुन्हा ता. क. मी तुमच्याकडे येतो आहे हे दिवाकररावांना सांगितलं. ते काम करतच होते. हातातला स्क्रू पिळून झाल्यावर म्हणाले, "मामाजी, बाबा माह्याबद्दल काई बोलले तं मले सांगजा." तर पुंडलिकराव, काहीतरी बोला. आठ दिवस आहेत, घाई नाही.