दोघांचा एकच पट्टा

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि चुकून उचलला असतास तर दुसऱ्याच वाक्याला मी डाफरले असते. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाडून टाक.

आधी इकडचं सांगते. तुझा गाळा चष्मेवाल्याने घेतला. माझं दुकान अजून चालू आहे, म्हणजे शटर रोज वर जातं. दिवसाला चार माणसं येतात. तिघं इंटरनेटचं कनेक्शन बंद करायला आणि चौथा पत्ता विचारायला. तू गेल्यावर आठ महिन्यांत मोठ्या कंपनीने टेकडीवर टॉवर उभा केला. त्यांनी सरकारकडून लहरींचा स्वतंत्र पट्टा विकत घेतलाय, त्यात दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही. आपण गावाला बिनतारी इंटरनेट द्यायचो तो पट्टा पडला फुकटचा, सगळ्यांचा. कुणीही वापरावा, फक्त ठरलेल्या ताकदीपेक्षा जास्त जोराने लहरी सोडू नयेत, एवढाच नियम. आपण दोघं सख्खी भावंडं, आपल्याला तेवढाही पाळता आला नाही.

तू वेगळं व्हायचं म्हणालास तेव्हा मी एका शब्दाने अडवलं होतं का? उलट निम्मी गिऱ्हाइकं तुझ्या हवाली केली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आपण पट्टा वाटून घेतला, खालचे चॅनेल माझे, वरचे तुझे. मी कागद काढला तर तू हसलास. म्हणालास, "ताई, आपल्यात काय लिहून ठेवायचं?" मला केवढं बरं वाटलं होतं तेव्हा! आज वाटतं, तुझा हात धरून सही घ्यायला हवी होती.

मग तुला तो पैसेवाला भागीदार मिळाला आणि तू निम्म्या दरात दुप्पट वेगाच्या जाहिराती लावल्यास. दुप्पट वेग हवा तर चॅनेल दुप्पट रुंद करावा लागतो, हे तुला मीच शिकवलं होतं. तू खुशाल माझ्या हद्दीत पाय पसरलेस. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना पेशंटचे फोटो उघडेनात. ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्या मास्तरांनी सूर लावला की तो तुटायचा, पलीकडची मुलं हसायची. मास्तर माझ्या दुकानात येऊन म्हणाले, "बाई, तुमच्यावर राग नाही, पण माझी शिकवणी बुडतेय." आणि ते गेले कुठे? तुझ्याकडे. मी तुला जाब विचारायला आले तर काय म्हणालास, आठवतंय? "पट्टा मोकळा आहे ना? तुझ्या नावावर आहे का?" भागीदारासमोर म्हणालास. तो मान खाली घालून गालात हसला. तू परका झालास तो त्या दिवशी.

त्याच आठवड्यात मी माझ्या यंत्राची ताकद वाढवली. नियमाच्या वर, चांगली तिप्पट. तुझी कनेक्शनं पटापट पडायला लागली. मग तूही वाढवलीस, मग मी आणखी. एका खोलीत दोघं जण बेंबीच्या देठापासून ओरडत होतो आणि तिसऱ्याला एक शब्द कळत नव्हता. गावभर नुसता वैताग. लोक म्हणायचे, "यांच्या घरच्या भांडणात आमचं काम अडलंय." खोटं नव्हतं ते.

एका दुपारी तू धापा टाकत माझ्या गच्चीवर आलास. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन खांबापाशी बसले होते. आता कडाक्याचं भांडण होणार म्हणून मी पदर खोचून तयार! पण तू वाकून लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, "जेवलीस का?" मी हो म्हटलं. जेवले नव्हते. तू जिना उतरून गेलास. मला वाटलं, घाबरला.

दुसऱ्या दिवशी मी तपासणी कार्यालयात तुझ्याविरुद्ध निनावी तक्रार टाकली. होय, ती माझीच. तपासणी कधी आहे ते तिथल्या ओळखीच्या कारकुनाने मला आधीच सांगून ठेवलं, आणि मी आदल्या दिवशी माझं यंत्र नियमात आणून ठेवलं. निरीक्षक मोजणीचं यंत्र घेऊन आले तेव्हा गावात ओरडणारा तू एकटाच उरला होतास. तुझा इंटरनेट पुरवायचा परवाना स्थगित झाला त्या संध्याकाळी लोक दुकानात येऊन म्हणाले, चांगली अद्दल घडली. मी सगळ्यांना चहा पाजला. लपवत नाही, मला आनंद झाला होता. तू घर हलवलंस, दुसऱ्यांच्या टॉवरवर दोर बांधून चढायला लागलास, हे तुझ्या बायकोकडून कळलं तेव्हाही मी म्हटलं, कष्ट केले तर काय झिजतो का?

मग आज हे सगळं का लिहितेय? गेल्या आठवड्यात कार्यालयाने तुझ्या अपिलाची प्रत पाठवली. त्याच पट्ट्यातली दुसरी वापरणारी म्हणून मलाही नोटीस. त्यात तू लिहिलंयस, "त्या काळात पट्ट्यात प्रचंड गोंगाट होता. तो कुठून येत होता, हे मला सांगता येणार नाही." सांगता येणार नाही! गच्चीवर लॅपटॉपचा पडदा तुझ्या तोंडासमोर होता. माझ्या यंत्राच्या ताकदीचा आकडा तू वाचला होतास. माझं नाव लिहिलं असतंस तर तू केव्हाच सुटला असतास. वाचून मला रडू नाही आलं, अंगाचा तिळपापड झाला. हे उपकार करायला तुला कुणी सांगितलं होतं? तुझ्या त्या एका वाक्याच्या ओझ्याखाली मी जन्म काढणार नाही. काल माझ्या यंत्राची, आपण ओरडत होतो त्या तीन महिन्यांची नोंद आणि सहीचा जबाब देऊन आले. ताकद आधी मी वाढवली, तक्रार माझी, तपासणीआधी ताकद उतरवली तीही मीच. प्रत सोबत आहे. तुझा परवाना बहुतेक परत मिळेल, माझा जाईल. त्यावर मला पत्र लिहायचं नाही. तू पाय पसरलेस ते मी विसरलेले नाही, आणि मी केलं ते तूही विसरू नकोस. सुनावणी एकोणीस तारखेला, सकाळी अकरा वाजता, दुसऱ्या मजल्यावर. मूळ परवाना घेऊन ये. तिथे माझ्या शेजारी बसलंच पाहिजे असं काही नाही.

तुझीच,
ताई