आईने जागवलेला क्रूस

पॅरिस, ९ मार्च १९५३

ति. मारिवॉनताईस, सा. न. रागातच केला आहे, तसाच घे.

तू लिहितेस की रोशतोसाहेब आपल्या बेटावर सिनेमा काढायला येणार आणि आईला पडद्यावर घेणार. ताई, त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. मी त्याच्या कॅमेऱ्याची गाडी रुळांवरून ढकलतो, त्या माणसाचा खोकलासुद्धा मला पाठ आहे. तरुणपणी नाचणाऱ्या पोरींचे सिनेमे काढून बंगला बांधला. लढाईनंतर अचानक अंगात आलं, म्हणाला नट खोटारडे असतात. तेव्हापासून खरी घरं, खरी माणसं धरतो आणि तेच तेच करायला लावतो, चेहरा धुतलेल्या ताटासारखा कोरा होईस्तोवर. मग कॅमेरा हळूहळू मागे. पेपरवाले याला तपश्चर्या म्हणतात. मागच्या सिनेमात खाणीतल्या एका म्हाताऱ्याला इतके जिने चढायला लावले की तो पायरीवर बसून रडला. साहेबाने रडणं कापलं, बसणं ठेवलं.

एर्वेदादा बुडाला हे आईने अजून तोंडातून काढलेलं नाही. हा नेमका तिथेच हात घालणार. आणि घरचा माणूस नको म्हणून मला इथेच ठेवून जातोय.

लोभ आहेच, थोडी अक्कलही असू दे.

गुल्वेन

उएसां बेट, २ मे १९५३

चि. गुल्वेनास, आशीर्वाद द्यावा की कान उपटावा ते ठरलेलं नाही, दोन्ही घे.

तुझं पत्र मी चुलीत घातलं होतं. ज्याचं खातोस त्यालाच शिव्या देतोस, असं वाटलं. शिवाय माझा एक विचार होता. एर्वेचा देह मिळाला नाही, आणि आई त्याच्या देहाच्या जागी मेणाचा क्रूस मांडून रात्र जागवू देत नाही. तो क्रूस चर्चमधून गेल्यावाचून त्याला स्मशानात जागा नाही. सिनेमात मांडला तर पुढे खराही मांडेल, असं मी धरून चालले.

साहेबाने आपल्याच टेबलावर पांढरं कापड घालून क्रूस ठेवला, शेजारणी बसवल्या, मेणबत्त्या लावल्या. आईला एकच वाक्य होतं, ‘माझा मुलगा बुडाला.’ आधी ती ‘माझा मुलगा’ एवढ्यावर थांबून कापडाची सुरकुती काढत बसायची. साहेब ओरडला नाही हो. नुसतं म्हणायचा, पुन्हा, बाई, आवाजात काही घालू नका. मेणबत्त्या संपल्या, नव्या आल्या. संध्याकाळी आई ते वाक्य मासळीचा भाव सांगावा तसं सांगायला लागली. मग उठली आणि म्हणाली, झालं, आता याला चर्चमध्ये न्या.

सिनेमावाले हसले. एकाने क्रूस कापसात गुंडाळून पेटीत घातला, पेटी बोटीवर चढली. आई धक्क्यापर्यंत मागे धावली. पाद्रीबाबा दुसरा क्रूस द्यायला तयार आहेत, पण ती म्हणते, मी जागवला तो तोच, एका पोराला दोनदा बुडवू काय. माझ्याशी बोलणं टाकलंय.

तू त्या घरचा चाकर ना? मग क्रूस आण. शहाणपण नंतर शिकव.

माया आहे म्हणून एवढं तरी लिहिलं.

मारिवॉन

पॅरिस, ११ मे १९५३

ति. ताईस, सा. न. या खेपेला राग कमी आहे, बराचसा इथेच खर्च झाला.

सामानाच्या कोठीत पेटी सापडली. आत एक नाही, पाच क्रूस निघाले, एका मापाचे, एका मेणाचे. दिव्यांच्या उष्णतेने मेण वाकतं, म्हणून साहेब जोड तयार ठेवतो. आईपुढे कधी कुठला होता, कोणाला ठाऊक नाही.

साहेब संकलनाच्या खोलीत छोट्या पडद्यावर आईचा चेहरा पुढेमागे फिरवत बसला होता. मी विचारलं. मान न वळवता म्हणाला, ‘कुठलाही ने. कॅमेऱ्याला फरक कळत नाही.’

मी म्हटलं, कॅमेऱ्याच्या घरचं कोणी बुडालेलं नाही. आणि गचांडी धरून खुर्चीतून ओढला. नोकरी तिथेच संपली. दरवानाने माझ्या काखेतल्या पेटीकडे पाहिलं नाही, एवढा एकच भला माणूस तिथे.

एक लिहायचं नव्हतं, तरी लिहितो. कॅमेरा मागे मागे जातो आणि आई त्या टेबलाशी एकटी उरते, तशी ती मी जन्मात नीट पाहिली नव्हती. म्हणून तर त्याचं थोबाड फोडायचं राहिलं याचं जास्तच वाईट वाटतं.

शनिवारच्या बोटीने येतो. आई हात लावून ओळखेल असं वाटतं. नाही ओळखलं तर सगळेच चर्चमध्ये नेऊ. पाद्रीबाबा कुरकुरतील, एका घरातून एवढी पोरं कशी गेली म्हणून. त्यांना सांग, गेला एकच, पण आमच्या आईला तो दिवसभर पुन्हा पुन्हा पाठवावा लागला.

लोभ वाढवू नकोस, आहे तो पुरवून ठेव.

गुल्वेन