आईच्या आठवणींचं निमंत्रण

बाबा, तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली आणि आज ऑफिसात माझ्या हाताखालच्या पोरींना तुमच्याबद्दल सांगता सांगता मी थांबले. माणसांना एकत्र आणणारं अ‍ॅप कसं रचायचं, ते शिकवत होते त्यांना. मी! तुम्हाला हसू आलं असतं. किंवा नसतंही आलं.

तुमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळानं आमच्या कंपनीचंच अ‍ॅप घ्यावं हा हट्ट माझा होता. निवृत्त झाल्यावर तुमची मंत्रालयातली मराठी माणसं सरकारी क्वार्टर सोडून द्वारका, नॉएडा, फरिदाबाद अशी पांगली होती. गुरुग्रामच्या ऑफिसात मी त्या अ‍ॅपची रचना करत होते. म्हटलं, घ्या, आता घरबसल्या सगळ्यांची खबर कळेल. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. "आणि हा अंगठा कशाला?" म्हटलं, कुणाचं आवडलं तर दाबायचा. "छे! कुणाची नात पास झाली तर तिला अंगठा दाखवायचा? ही काय रीत झाली?" आणि दोन मेट्रो बदलून, पोरीसाठी पेन घेऊन तुम्ही नॉएडाला गेलात. आनंद असो, दुखवटा असो, तुम्ही दारात हजर. अ‍ॅपवर मात्र एक अक्षर नाही.

पुढे लोक धो धो लिहायला लागले. कुणाचं वर दाखवायचं नि कुणाचं खाली, याचा नियम मी लिहिला: जो इतरांना प्रतिसाद देतो त्याचं वर, जो देत नाही त्याचं खाली. बॉस खूश. "बिल्कुल सही, यार. जो किसी को नहीं पूछता, उसे कौन पूछेगा?" मीही हसले. माझ्या नियमाच्या हिशेबी तुम्ही कुणाची विचारपूस न करणारे ठरलात, बाबा. तुम्ही!

आईला जाऊन वर्ष झालं. इतक्या घरी जाणं गुडघ्यांना झेपेना, म्हणून पहिल्यांदाच माझ्या अ‍ॅपवर भरवसा टाकून तुम्ही लिहिलंत, की शनिवारी पाचला घरी यावे, हिच्या आठवणी सांगाव्यात, चहा माझ्या हातचा. शेजारून कप मागून आणलेत, सतरंजी घातलीत. पाच वाजतात, सहा वाजतात. तुम्ही दार उघडंच ठेवलंय. लिफ्ट वाजली की उठताय, शर्ट नीट करताय. सातला म्हणालात, "लोकांनी वाचलं असेल ना गं?" मी म्हटलं, "वाचलं असेल, बाबा. दिल्लीत सगळे बिझी असतात." तुम्ही "अच्छा" म्हणालात आणि कप परत करायला गेलात. त्यानंतर तुम्ही कुणाच्याच दारात गेला नाहीत.

सोमवारी ऑफिसात पाहिलं. तुमचं निमंत्रण फक्त चौघांना दिसलं होतं, त्यातले दोघे अमेरिकेत मुलांकडे. नियम बदलणं एका दुपारचं काम होतं. पण माझी बढती त्याच नियमाच्या जिवावर होणार होती, म्हणून मी गप्प बसले. निदान तुम्हाला तरी सांगायचं, की तुमची माणसं तशी नाहीत, चूक माझी आहे. एवढं सांगायला माझी जीभ झडली होती का? तुम्ही गेलात तेव्हा पोचवायला सगळे आले. एक काका मला धरून रडले. "त्यानं आम्हाला का तोडलं गं?" तिथेही मी मान खाली घातली. आता लाज वाटते म्हणणंसुद्धा फुकटचं आहे. तो नियम अजून चालू आहे आणि आज मी तोच शिकवत होते.

हे पत्र कुठे टाकणार? राहील ड्रॉवरमध्ये. पण एक सांगायचं राहिलंय. त्या शनिवारी मी आले ती आईचा दिवस म्हणून, फुलं घेऊन. दारातच तुमचा चेहरा फुलला. "वाचून आलीस ना?" मी आतली सतरंजी बघितली, मांडलेले कप बघितले आणि म्हटलं, "हो, मग!" तुला दिसलं म्हणजे सगळ्यांना दिसलं, असं तुम्ही धरून चाललात.

मला दिसलं नव्हतं, बाबा.